काकांची हळदी थीम

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. नव्हता, आणि हे लिहून झाल्यावरही नसेल. आमच्या घरात देव्हारा नाही, दाराला लिंबू-मिरची नाही, अमावस्या कधी असते ते कॅलेंडर छापणाऱ्याला माहीत. बुद्ध आणि बाबासाहेब, बस. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आत्तापर्यंत जेवताना टाइमपास म्हणून वाचायचे आणि मनात म्हणायचे, लोकांना कामधंदे नाहीत. तर आता ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा. फक्त दोन प्रकारच्या कॉमेंट नकोत. एक, "ताई, शांत करून घ्या". दुसरी, "क्लाउड सिंक असेल", म्हणजे इंटरनेटवरून आपोआप परत आलं असेल. पहिलीला मी उत्तर देणार नाही. दुसरीचं उत्तर खाली आहे, आधी पूर्ण वाचा आणि मग शहाणपणा शिकवा.

मी म्युझिक प्रोग्रॅमिंग करते. म्हणजे गाणं कॉम्प्युटरवर रचते – ढोलकी कुठे, कोरस कुठे, कुणाचा आवाज किती वर. भीमगीतं, भजनं, हळदीची गाणी, कधी सिरियलचं पार्श्वसंगीत... जे येईल ते. राहते घाटकोपर पूर्वेला, आईबरोबर. स्टुडिओ अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीतल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. खाली पुठ्ठ्याचे बॉक्स बनवतात, शेजारी रबराचे वॉशर पाडतात, मध्ये आम्ही गाणी करतो.

स्टुडिओ गुरुकाकांचा. गुरुनाथकाका – साठीचे, मूळचे कणकवलीकडचे, वडील गिरणीत होते, राहायला भांडुपला. ढोलकी अशी वाजवायचे की गायक चुकला तरी गाणं चुकायचं नाही. मी सत्तावीस वर्षांची असताना त्यांच्याकडे आले आणि नऊ वर्षं आम्ही दोघांनी एकाच मशीनवर काम केलं. आणि नऊ वर्षं एकाच गोष्टीवरून भांडलो. थीमवरून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वाद्याची, प्रत्येक आवाजाची स्क्रीनवर एक आडवी पट्टी असते. तिला ट्रॅक म्हणतात, आणि एका गाण्याच्या सगळ्या पट्ट्यांची मिळून जी फाइल होते तिला सेशन. त्या पट्ट्यांचे रंग, मागचा रंग, बटणांचे रंग, सगळं आपल्याला हवं तसं ठरवता येतं. ती थीम. माझी थीम मी महिनाभर खपून बनवली होती. मागे काळा, पण कोळशासारखा नाही, किंचित उजळ. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक रंगाला नंबर असतो, माझ्या काळ्याचा नंबर एक-सी-एक-सी-एक-सी. पट्ट्यांना फिके, शांत रंग. आठ तास बघा, डोळे दुखणार नाहीत.

आणि काकांची थीम? हळदी. मागे ढणढणीत हळदी पिवळा, त्यावर पोपटी बटणं आणि आवाजाचे लालभडक मीटर! लग्नाचा मांडव परवडला. मी रोज साडेदहाला यायचे, काका दहालाच आलेले असायचे, आणि स्क्रीनवर ही हळद पसरलेली. रोज! मी पर्स ठेवायच्या आधी ओरडायचे, "काका, परत ती थीम लावलीत?" आणि ते हसायचे. "गो सुजाता, काळ्यार तुका दिसता तरी काय? डोळे फोडून घेशीत, मगे लगीन कोण करतलो तुझ्याशी?" मी दात-ओठ खात माझी थीम लावायचे. ते चहा सांगायचे. असा आमचा दिवस सुरू व्हायचा.

आणखी एक भांडण झालं होतं, पण एकदाच. अगदी पहिल्या आठवड्यात. कोकणात कुठलंही काम सुरू करताना गाऱ्हाणं घालतात. एकजण देवाला उद्देशून मागणं मागतो आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. काका माइकसमोर उभे राहिले, हात जोडले आणि सुरू झाले, "बारा-पाचाच्या देवा म्हाराजा..." मग थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणजे बाकीचे.

म्हटलं, "काका, तुमचा देव तुमच्यापाशी. मी ज्या सेशनमध्ये काम करणार त्यात हे असलं काही नको. आणि मी व्हय-बिय काही म्हणणार नाही."

बोलले तेव्हा आवाज जरा चढलाच होता. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, चल निघ. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "बरां गो. तुझा सेशन, तुझो नियम." विषय संपला. त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर कधी हातसुद्धा जोडले नाहीत. उलट चौदा एप्रिलची गाणी असली की घरून जेवून यायचे आणि ढोलकी मांडीवरून खाली ठेवायचे नाहीत.

मागच्या वर्षी गणपती झाल्यावर काका गेले. दुपारी जेवले, जरा पडतो म्हणाले आणि उठलेच नाहीत.

स्टुडिओ मी आणि नितीनने चालू ठेवला. नितीन डबिंगचं काम करतो, जोगेश्वरीचा. काकांनीच त्यालाही जागा दिली होती. मी दिवसा, तो संध्याकाळी. पहिला महिना मशीनवर माझी काळी थीम. कोणी बदलत नव्हतं. मला वाटलं होतं बरं वाटेल... नाही वाटलं, पण ते जाऊ दे.

मग एके दिवशी साडेअकराच्या सुमारास काकी आल्या. काकांच्या बायको. गुडघ्याने बेजार, तरी दोन जिने चढून आल्या, हातात घावण्यांचा डबा. बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सुजाता, ह्यांचो आवाज खय गावात काय गो?"

आवाज कुठे मिळेल का म्हणजे काय, मला कळेचना. म्हटलं, "कसला आवाज?"

"ह्यांचो. बोलण्याचो. माझो फोन पाण्यात पडलो, त्यात होता ता सगळा गेला. भिंतीवर फोटो आसा, तो बघतंय. पण आवाज... मी आवाज विसराक लागलंय गो."

काय सांगू? काका ढोलकी वाजवायचे, गायचे नाहीत. व्हिडिओ काढायला गेलं की तोंडासमोर हात धरायचे. मी म्हटलं, "काकी, आवाज कुठेच नाही. ढोलकी आहे, भरपूर आहे. पेनड्राइव्हवर देऊ?"

"ढोलकी घेवन काय करू? ढोलकी माझ्याशी कधी बोललीच नाय." एवढं म्हणून त्या उठल्या. डबा ठेवून गेल्या. मी त्या दिवशी घावणे खाल्ले नाहीत.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला कुलूप उघडलं, मशीन चालू केलं – आणि अख्खी स्क्रीन हळदी.

माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, नितीनची मस्करी. तीही काकांना जाऊन दीड महिना होत असताना! लावला फोन.

"नित्या, हा काय फालतूपणा आहे?"

"कसला?"

"काकांची थीम कोणी लावली?"

"मला काय पडलीय यार? थीम बदलतात कुठून ते मला अजून माहीत नाही."

बरं. काळी लावली. दुसऱ्या दिवशी हळदी. काळी लावली. तिसऱ्या दिवशी हळदी! आता ऐका, क्लाउडवाले. मी काकांच्या थीमची फाइलच उडवली. कचऱ्याच्या डब्यातूनही उडवली. दुसऱ्या दिवशी हळदी. पासवर्ड बदलला. हळदी. इंटरनेटची वायर उपटून पर्समध्ये घालून घरी नेली. हळदी! कंपनीला मेल केला, तर तीन दिवसांनी उत्तर, "सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका", आणि खाली, आमच्या सेवेला किती तारे द्याल. तारे! काढलं, पुन्हा टाकलं. एक दिवस धड गेला नाही, सकाळी पुन्हा तीच हळद. थीम बदलायला एक माणूस लागतो, तो माऊस धरतो, चार ठिकाणी क्लिक करतो. इथे कोण होतं? वॉशरवाला? तोही कुलूप न उघडता, पासवर्ड न टाकता?

शेवटी मी दाराला नवं कुलूप लावलं आणि दोन्ही चाव्या स्वतःकडे ठेवल्या. नितीनला आत यायचं तर मी थांबणार, मी उघडणार, मी बंद करणार. तरी रोज सकाळी हळदी. चार दिवस त्याने सहन केलं. पाचव्या दिवशी भडकला.

"तू माझ्यावर आळ घेतेयस, सुजाता."

"मग कोण करतं? भूत?"

"मला नाही माहीत. पण काकांना मी खांदा दिलाय. त्यांच्या नावाने असली मस्करी करीन मी? मला एवढा हलकट समजतेस?" त्याचे डोळे भरले होते. मला दिसत होतं की हा खरं बोलतोय, तरी मी सॉरी म्हटलं नाही. माझा स्वभाव आहे, काय करणार. तोच म्हणाला, "मशीन पूर्ण फॉरमॅट करून टाक. सगळं साफ. मग तरी तुझी खात्री पटेल ना?"

ठरलं. सोमवारी फॉरमॅट.

त्याआधी जुनी गाणी वाचवायची होती. नऊ वर्षांची तीनशेच्या वर सेशन्स, मी सगळी हार्डडिस्कवर घेतली आणि घरी आणली. एवढी सगळी जशीच्या तशी ठेवायला जागा नसते. मग आम्ही काय करतो, प्रत्येक सेशनमधल्या वाजणाऱ्या पट्ट्या वेगळ्या काढून ठेवतो आणि मूळ सेशन पुसून टाकतो. ज्या पट्ट्या बंद करून ठेवलेल्या असतात, म्यूट, त्या आपोआप गळतात. चुकलेले टेक, कचरा. मी तरी तसंच समजत होते.

रविवार, सकाळचे अकरा. घाटकोपरचं आमचं घर, जेवणाचं टेबल. आई समोर बसून मेथी निवडतेय. लॅपटॉप माझा – आणि हे नीट वाचा – काका गेल्यावर घेतलेला. काकांनी त्याला कधी हात लावलेला नाही, त्यांची थीम त्यात कधी टाकलेली नाही, त्यांच्या नावाचं अकाउंट नाही. आणि वायफाय त्या दिवशी केबलवाल्याच्या कृपेने सकाळपासून बंद होतं. मी काकांबरोबरचं सगळ्यात अलीकडचं सेशन उघडलं, काका गेले त्या आठवड्यात आम्ही सुरू केलेलं. काळ्या थीममध्ये उघडलं. चहाचा घोट घेतला, मान वर केली –

हळदी. पोपटी बटणं. लाल मीटर.

आई म्हणाली, "अगं बाई, काय भडक हे! डोळे जातील की."

आईला दिसलं. मला आधी तेच बरं वाटलं, आणि लगेच असा संताप आला की मी टेबलावर हात आपटला. ओरडलेच. "काका, पुरे झालं आता! जिवंतपणी नऊ वर्षं छळलंत, आता तरी मला माझं काम करू द्या ना!" आईच्या हातातली जुडी खाली पडली. पोरीला वेड लागलं असंच वाटलं असणार तिला.

मी झाकण बंद करणार, तेवढ्यात स्क्रीनच्या अगदी खाली, सगळ्या पट्ट्यांच्या खाली, एक बारीक काळी रेघ दिसली. केस पडला असेल म्हणून मी बोटाने पुसायला गेले. निघेना. माऊस नेला... पट्टी होती. जेवढी चेपता येते तेवढी चेपलेली, नाव नाही, म्यूट. रंग बघितला. एक-सी-एक-सी-एक-सी.

माझा काळा. माझ्या थीमचा, माझा, मी महिनाभर खपून ठरवलेला काळा! माझ्या स्क्रीनवर ती पट्टी दिसणं शक्यच नव्हतं, काळ्यावर काळी. ज्या माणसाला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायला मी लागायचे, त्याने माझ्या थीममधून बरोबर तो नंबर उचलला होता.

म्यूट काढला. आधी खुर्ची करकरली. मग खाकरल्याचा आवाज. आणि मग – "बारा-पाचाच्या देवा म्हाराजा..."

मी पटकन थांबवलं. आई म्हणाली, "हा तुझ्या गुरुकाकांचा आवाज ना?"

दुसरं सेशन उघडलं. तळाला तीच काळी रेघ. तिसरं. दहावं. चार वर्षांपूर्वीचं, सात वर्षांपूर्वीचं. सगळ्यांत. रेकॉर्डिंगची वेळ बघितली – सकाळी दहा वाजून दहा, दहा वाजून बारा, दहा वाजून आठ, फक्त त्या शेवटच्या सेशनमध्ये दहा अठ्ठावीस. म्हणजे हा माणूस रोज अर्धा तास आधी यायचा तो यासाठी! मी येण्याच्या आत गाऱ्हाणं घालायचं, आणि आपली पट्टी आपल्याला दिसावी म्हणून हळदी थीम लावायची. आणि मला काय वाटायचं? मला चिडवायला लावतात. 'तुझा सेशन, तुझो नियम' म्हणणारा माणूस नऊ वर्षं माझ्या नाकावर टिच्चून माझ्याच सेशनमध्ये, माझ्याच काळ्या रंगाखाली... मला हसू येत होतं, रडू येत होतं आणि प्रचंड राग येत होता, सगळं एकदम.

"ते नंतर चिड," आई म्हणाली. "आधी त्या बाईकडे जा."

आणि तेव्हा मी माऊसवरून हात उचलला. म्यूट पट्ट्या गळतात. आज मी कामाला बसले होते ते याच पट्ट्या पुसायला, आणि उद्या मशीनही साफ होणार होतं. काकींना मी सांगितलं होतं, आवाज कुठेच नाही.

रिक्षा केली आणि तडक भांडुप. काकी तांदूळ निवडत होत्या. मी लॅपटॉप उघडला आणि तेच सेशन लावलं. काळी थीम आली. पोपटी नाही, लाल नाही, काही नाही. ती रेघ काळ्यात काळी, कुठे होती ते आठवून अंदाजाने क्लिक करत बसले, पाच मिनिटं लागली. काकी विचारतायत, "काय शोधतंस?" मी म्हटलं, "गप्प बसा जरा."

लागलं.

"बारा-पाचाच्या देवा म्हाराजा..." आणि मग शांतता. काका थांबले होते. मला तिथे बसून कळलं की ते कशासाठी थांबलेत. पुढचं वाक्य आलं. "आज ह्या गाण्याचा काम आमी हाती घेतला, ता सुरळीत पार पाड रे म्हाराजा..." पुन्हा शांतता. काकींनी हातातलं सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि त्या शांततेत बरोबर म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

"गाणाऱ्या पोरीचो गळो सांभाळ, मधीच लाइट घालव नको रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"घरात माझी बायल गुडघ्यान बेजार आसा, तिका आराम पडांदे रे म्हाराजा..."

काकींचा हात गुडघ्यावर गेला, पण म्हणाल्या. "व्हय म्हाराजा."

मग काका जरा थांबले. "आणि ही आमची सुजाता. ती तुका मानीत नाय, तो तिचो हक्क. तिच्यार रागाव नको. तिचा काम मोठा होऊंदे, तिचा नाव मोठा होऊंदे रे म्हाराजा..."

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. लॅपटॉपमधून काका म्हणाले, "ती व्हय म्हणाची नाय. तिच्या वाटणीचा मीच म्हणतंय." आणि मग स्वतःच, हळू, "व्हय म्हाराजा."

खुर्ची करकरली. मागे दाराचा आवाज. आणि मग अगदी स्पष्ट, लांबून येणारा, चिडलेला माझा आवाज – "काका, परत ती थीम लावलीत?"

काका हसले. क्लिक. रेकॉर्डिंग संपलं.

मी रडले. सांगायला लाज कसली, भोकाड पसरून रडले. काकी माझ्या पाठीवर हात फिरवत होत्या, खरं तर उलटं व्हायला हवं होतं. म्हणाल्या, "परत लाव गो." ते आम्ही संध्याकाळपर्यंत ऐकत बसलो. नंतर मी सगळ्या सेशन्समधला काकांचा आवाज काढून त्यांच्या फोनवर टाकला, आणि तीन ठिकाणी कॉपी ठेवली. बघितलं तर माझं नाव प्रत्येक गाऱ्हाण्यात आहे. अगदी भांडणानंतरच्या पहिल्या दिवसापासून.

फॉरमॅट रद्द केलं. नितीनला सॉरी म्हटलं, चावी परत दिली. तो म्हणाला, "एवढंच? वडापाव तरी खिलव." खिलवला.

आता म्हणाल, स्पष्टीकरण काय? नाही माझ्याकडे. ती पट्टी काकांनी बनवली, ते समजतं. पण उडवलेली थीम कुलूपबंद खोलीत रोज कोण लावत होतं, आणि ज्या लॅपटॉपमध्ये ती कधी नव्हतीच त्यात ती त्या रविवारी कुठून आली, हे मला कोणी सांगू शकलेलं नाही. काकी म्हणतात, ते येऊन गेले. मी मानत नाही. मी अजूनही मानत नाही.

फक्त आता एक करते. रोज दहाला जाते, अर्धा तास आधी. मशीन चालू करते. काळी स्क्रीन. त्या रविवारनंतर हळदी एकदाही आली नाही. फाइल मीच उडवलेली, कुठे मिळत नाही. मग स्वतः बनवायला बसले. किती पिवळे लावून बघितले, नंबर बदल बदल बदलले. नितीन म्हणतो, हा आंब्याचा झाला. आई म्हणते, नाही गं, त्याहून भडक होता. तो नेमका हळदी काही केल्या जमत नाही.

नऊ वर्षं नको नको म्हणून घसा फोडला तेव्हा रोज हजर, आणि आता स्वतःहून मागतेय तर पत्ता नाही. काका, हे काही बरोबर नाही.